दसऱ्याचा सा

अण्णा, तुमचा पाना इथल्या पियानोला बसत नाही. मे महिन्यात मी तो चिंचपोकळीच्या गाळ्यातून उचलला, दोन सुती साड्यांत गुंडाळून जर्मनीत आणला, विमानतळावर दोन वर्दीवाल्यांना हे हत्यार नसून माझ्या वडिलांचं पियानोच्या तारा पिळायचं अवजार आहे हे समजावून सांगितलं, आणि एवढा खटाटोप करून परवा खुंटीवर चढवला तर तो सैल. नुसता गरगर फिरतो, खुंटी जागची हलत नाही. शेजारच्या लेथवाल्याकडून तुम्ही तो त्या एकाच पियानोच्या मापाने करून घेतला होता, त्याची दुसऱ्या कुठल्या पियानोशी गाठ पडेल असं तुमच्या मनातही आलं नसणार. तुम्ही असता तर ‘पत्र्याची पट्टी घाल आत, धरेल’ म्हणून मोकळे झाला असता. मी पट्टी घातली नाही. पाना टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. आज दसरा, म्हणून सकाळी त्याला हळदकुंकू वाहिलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या कुंडीतली झेंडूची दोन फुलं मागून आणली. कशाला हवीत म्हणून त्यांनी विचारलं, तर मी पूजेला म्हणाले. पान्याच्या पूजेला, असं सांगायची हिंमत झाली नाही.

माझी इथली हकीकत बरी नाही, ती आधी सांगून टाकते. मी आता चौतीस वर्षांची आहे, आणि अडीच वर्षं झाली, मला नवीन काही सुचलेलं नाही. हात ठीक आहेत. दुसऱ्यांचं लिहिलेलं वाजवते, लोक टाळ्या वाजवतात, त्यावर घरभाडं निघतं. पण मला इथे बोलावलं, शिकवलं, डोक्यावर घेतलं ते माझ्या स्वतःच्या रचनांसाठी, आणि त्या बंद पडल्या आहेत. इथल्या एका संगीत महोत्सवाने वसंतात वाजवायला माझ्याकडून नवी रचना मागितली आहे, वीस मिनिटांची. कागद महिनाअखेर हातात द्यायचे आहेत. दोनदा मुदत वाढवून घेतली, तिसऱ्यांदा तोंड उघडायची सोय नाही. रोज सकाळी नऊला बसते. चार सूर मांडते आणि पाचवा सापडेपर्यंत पहिले चार विटून जातात. एका डॉक्टरीणबाईंनी जंगलात फिरायला सांगितलं, मी फिरले, आणि ओले बूट घेऊन परत आले. मला भीती वाटते, अण्णा. रचना गेली तर गेली, दुसऱ्या कोणालातरी मिळेल. पण हे परत कधी सुरूच झालं नाही तर मी कोण?

उन्हाळ्याच्या आधी एकदा जुने कागद काढून बसले होते. माझ्या छापलेल्या रचना अकरा. त्या एकेक करून मागे नेत गेले, हा तुकडा कुठून आला, ती सुरावट कुठली, तर अकराही जाऊन पोचल्या तुमच्या गाळ्यात. सोळा वर्षांची व्हायच्या आत, तिथल्या पियानोवर जे काही मी आपलं आपण जुळवलं होतं, तेच मी इथे इतकी वर्षं नवे कपडे घालून काढत आले. बाराव्या रचनेला काही उरलं नाही. हे लक्षात आलं तेव्हा मी कागद गोळा करून परत पिशवीत भरले आणि भांडी घासायला घेतली.

गाळा मला वासासकट आठवतो. सरस, पॉलिश आणि घासलेलं पितळ. आई परळच्या हॉस्पिटलात नर्स, तिची दुपारची ड्यूटी असली की शाळा सुटल्यावर मी लालबागहून चालत तुमच्याकडे यायची. तुम्ही खिडकीशी कानस घेऊन बसलेले असायचात, पुढ्यात कोणाच्या तरी पेटीचं पोट उघडलेलं. पत्ती टोकाला घासली की सूर चढतो आणि मुळाशी घासली की उतरतो, हे मला पाढ्यांच्या आधी ठाऊक होतं. पियानो आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गिरगावातले ते सॉलिसिटर, मुंबईतलं जुनं घराणं, त्यांच्या देवघरातली पेटी तुम्ही सांभाळायचात. त्यांची इमारत बिल्डरकडे गेली, दादरच्या नव्या फ्लॅटमध्ये त्यांच्या आईचा पियानो मावेना. ‘तुम्ही वाद्यातली माणसं, तुमच्याकडे राहू दे,’ असं ते म्हणाले, आणि तुम्हाला भिडेखातर नाही म्हणता आलं नाही. टेम्पोतून तो उतरवला तेव्हा गाळ्यात यायला-जायला आडवं व्हावं लागत होतं. आई बघायला आली आणि दारातूनच म्हणाली, ‘घरात धड कपाटाला जागा नाय, आणि हा हत्ती कोणासाठी पोसायचा?’ तुम्ही पुढची फळी काढून आत वाकला होतात. ‘बिनभात्याची पेटी आहे ही,’ एवढंच म्हणालात.

पियानो कसा लावतात हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं आणि तुम्ही कोणाला विचारलंही नाही, त्या बाबतीत तुमचा स्वभाव हट्टीच. एका पट्टीला तीन तारा, दोन गप्प ठेवायच्या आणि एक लावायची, हे तुम्ही स्वतः शोधून काढलंत. गप्प ठेवायला जुन्या स्लिपरच्या रबराच्या पाचरी कापल्यात. एक तार तुटून तुमच्या भुवईवर बसली, आईने ड्रेसिंग करताना तुम्हाला जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आणि मग तो दसऱ्याचा दिवस. कानस, पक्कड, सरसाचं भांडं, नवा कोरा पाना, सगळं पाटावर मांडलेलं, झेंडूच्या पाकळ्या, माझ्या हातात पेढा. तुम्ही मला पियानोजवळ बोलावलंत.

‘सा लाव गो.’

‘कुठला?’

‘कुठला म्हणजे? तुझा. तुझ्या गळ्याला बरा वाटेल तो.’

मी पेढा गिळून सा लावला. तुम्ही पट्ट्यांवर बोट फिरवत फिरवत थांबलात आणि म्हणालात, ‘काळी पाच.’ पेटीवाले सूर असेच ओळखतात, सप्तकातली पाचवी काळी पट्टी ती काळी पाच. तुम्ही फळी काढून आत पेन्सिलीने काहीतरी खरडलंत आणि मग पुढचे पंधरा दिवस कोपऱ्यातल्या तंबोऱ्याला कान लावून तुम्ही त्या पियानोचा एकेक सूर त्या एका साशी गोड करत नेलात. पेटीवाल्याला तेवढंच माहीत असतं. गाणाऱ्याचा सा धरायचा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवायचं. पियानोवाले तसं करत नाहीत. ते प्रत्येक सूर मुद्दाम जरासा हलवून ठेवतात, म्हणजे कुठल्याही पट्टीपासून सुरुवात केली तरी सगळं सारखंच, कुठेच अगदी गोड नाही आणि कुठेच फार आंबट नाही. एवढं अवजड विलायती वाद्य, आणि ते तुम्ही नऊ वर्षांच्या मुलीच्या गळ्यावर लावून ठेवलंत. ही चूक पेटीवाल्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती.

मग दर दसऱ्याला तेच. पाटावर हत्यारं, पेढा, ‘सा लाव गो’. मी मोठी होत होते आणि माझा सा उतरत होता, त्याप्रमाणे तुम्ही पियानो दरवर्षी नव्याने लावायचात. तेवढे दिवस मला हात लावायची बंदी. मी पाय आपटायची आणि तुम्ही पाचरी हलवत म्हणायचात, ‘थांब गो जरा, तुझाच सूर बसवतोय, माझा नाय.’ मी ऐकत होते कुठे. पण त्या पियानोवर मी जे काही जुळवत होते ते त्याच्यामुळे जुळत होतं, हे मला आता कळतं. त्या सा-च्या जवळपास सगळं इतकं स्वच्छ वाजायचं की हात उचलावासा वाटत नसे. तिथून लांब जावं तसतसे सूर आंबायला लागत, आणि अगदी टोकाला दोन-तीन जागा अशा होत्या की तिथे बोटं ठेवली की पियानो गुरगुरायचा. मला त्या जागांची भीती वाटायची आणि तिथे जायचीच हौस. जायचं, थोडं घाबरायचं आणि परत यायचं. माझ्या सगळ्या रचना म्हणजे एवढंच होतं. इथल्या पियानोवर लांब असं काही नाहीच, मग परत येण्यात काय अर्थ?

दादरच्या मिसकडे पियानो शिकायला तुम्हीच मला घातलंत. त्या चर्चच्या गल्लीत राहायच्या, दर शनिवारी मी जायची, आणि त्यांच्या पियानोवर पुस्तकातली गाणी छान वाजायची. गाळ्यात येऊन तीच गाणी पांढऱ्या पट्ट्यांवर वाजवली की तोंड वाकडं व्हावं अशी. आधी मला वाटलं मीच चुकते. मग वाटायला लागलं की आपला पियानोच गावठी. चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत मी मैत्रिणींना गाळ्यात आणायचं बंद केलं होतं. सोळाव्या वर्षी परदेशातल्या शिष्यवृत्तीची परीक्षा ठरली, परीक्षक मुंबईत येणार होते, तेव्हा मिस म्हणाल्या, तू सराव कशावर करतेस ते मला बघू दे. त्या गाळ्यात आल्या, बरोबर कुलाब्याचे एक ट्यूनर. तुम्ही स्टुलं पुसून ठेवली होती. ट्यूनरनी दोन-चार ठिकाणी बोटं ठेवली आणि मिसकडे बघितलं.

‘माय गॉड,’ मिस हसायला लागल्या, ‘हा ट्यून कोणी केला?’

त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. तुम्हीही हसत होतात, हात पुसत पुढे येत होतात, सांगणार होतात. आणि तुम्ही बोलायच्या आत मी बोलले. ‘अण्णा, तुम्हाला पेटीतलं कळतं. पियानोतलं काही कळत नाही, तर हात कशाला लावता?’ त्या दोघांसमोर. तुमचा पाय तिथेच थांबला. ‘खरा आहे गो तुझा,’ तुम्ही म्हणालात, आणि चहा सांगायला खाली गेलात. ट्यूनरनी चार तास काम केलं. तुम्ही स्टुलावर बसून बघत होतात. एकदा त्यांच्या हाताजवळ रबराच्या पाचरी सरकवल्यात, त्यांनी मान हलवून स्वतःची फेल्टची पट्टी काढली. ते गेल्यावर तुम्ही मला वाजवायला सांगितलंत, पुस्तकातलं. मी वाजवलं. ‘बरा वाजता आता?’ तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, ‘आता खरा पियानो झाला.’ तुम्ही मान डोलावलीत आणि पाना खिळ्याला अडकवून ठेवलात. हे लिहिताना मी सोयीचं असं म्हणू शकले असते की मनातून मला जुनाच सूर आवडत होता. तसं नव्हतं. त्या दिवशी मला मनापासून बरं वाटलं होतं.

त्या वर्षीच्या दसऱ्यालाही तुम्ही हत्यारं मांडलीत. पान्याला कुंकू लावलंत, फूल वाहिलंत. मी पियानोच्या स्टुलावर बसून होते, पेढा खाऊन झाला होता. तुम्ही पाना उचललात आणि खिळ्याला लावून टाकलात, मग खिडकीशी जाऊन कोणाच्यातरी पेटीचा भाता तपासायला घेतलात. सा काही मागितला नाहीत. मी थोडा वेळ वाट बघितली, आणि मग, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटून अभ्यासाला बसले.

शिष्यवृत्ती मिळाली. अठराव्या वर्षी इथे आले. आले त्याच वर्षी दसऱ्याला तुमचा फोन आला. तुम्ही फोनवर कधी दोन मिनिटांवर बोलायचा नाहीत, थंडी किती, जेवलीस काय, एवढं झालं की आईच्या हातात फोन. त्या दिवशी मात्र आईला दिला नाहीत. घसा साफ केलात आणि म्हणालात, ‘सा लाव बघू.’ मी कॉलेजच्या सरावाच्या खोल्यांबाहेर कॉरिडॉरमध्ये उभी होते. भोवती वर्गातली मुलं होती, कोणी हसत होतं, कोणी पुढच्या तासाची गडबड करत होतं. मला लाज वाटली. ‘अण्णा, इथे माणसं आहेत. नंतर करते.’ तुम्ही म्हणालात, ‘हां, सवडीने कर.’ मी केला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढच्या आठवड्यातही नाही. तुम्ही परत विचारलं नाहीत, आणि त्या हिवाळ्यात गाळ्यातच, कामावर बसल्याजागी तुम्ही गेलात. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता.

यापुढचं तुम्हाला माहीत नाही, आणि ते मी कोणाला सांगितलेलंही नाही. इथे मी एक विनोद करते. मुलाखतीत, कार्यक्रमाच्या आधी, लोक विचारतात की मुंबईच्या गिरणगावातली मुलगी पियानोकडे कशी आली, तेव्हा मी सांगते, ‘माझा पहिला पियानो माझ्या वडिलांनी हार्मोनियमसारखा लावला होता. त्यामुळे सोळाव्या वर्षापर्यंत माझी समजूत होती की युरोपचं संगीत मुळातच बेसूर असतं.’ हमखास हशा येतो. पंधरा वर्षं येतोय. आणि गंमत बघा, दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक विषयच होता, जुन्या काळी युरोपात वाद्यं कशी लावायचे त्याचा. एक सूर धरायचा, त्याच्याशी बाकीचे गोड करायचे, लांबच्या पट्ट्या आंबट झाल्या तर होऊ द्यायच्या. पानंच्या पानं लिहिली मी त्यावर. वर्गात सगळ्यांत चांगले गुण मला पडले. तुम्ही जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि मला तुमची आठवण आली नाही.

मे महिन्यात आईचा फोन आला. ‘अगो, बिल्डरची माणसं डोकं खातायत. गाळा खाली करायचाय. तुझ्या बापाचा पसारा आहे तो, तूच येऊन आवर, माझ्याच्याने होत नाय.’ मी गेले. आईने सोळा वर्षं गाळा तसाच ठेवला होता, आत शिरल्यावर तिने पदर नाकाला लावला आणि दारातच बसली. पेट्या कोणाकोणाला देऊन झाल्या. पियानो घ्यायला कोणी तयार नव्हतं, लाकूडवाला तेवढा तयार होता. त्याचे लोक यायच्या आधी मी पुढची फळी काढली. आत मधल्या सप्तकात, तारांमध्ये, स्लिपरच्या रबराच्या पाचरी खोचलेल्या होत्या. ट्यूनर येऊन गेल्यानंतर त्या तिथे असायचं काही कारण नव्हतं.

‘तू गेल्यावर परत उघडून बसलेला,’ आई दारातून म्हणाली. ‘मी म्हटलं, आता कोणासाठी? तर म्हणतो, आता हसायला कोण नाय.’

‘मग लावला का नाही?’

‘तुझ्या फोनासाठी थांबलेला ना. त्याशिवाय कसा लावणार? म्हणाला, येऊ दे तिचा फोन.’

फळीच्या आतल्या बाजूला तुमचं अक्षर होतं, पेन्सिलीचं, एकाखाली एक. काळी पाच. काळी पाच. काळी पाच. काळी पाच, जराशी उतरती. काळी चार. काळी चार. काळी चार. सात दसरे. चाळीत पोरांची उंची दाराच्या चौकटीवर मांडतात तसं. मग दोन बोटं जागा सोडलेली, आणि खाली, ‘दसरा. फोन करून विचारणे.’ त्यापुढे काही नव्हतं. आईला वाचून दाखवायला गेले, पण जमलं नाही. तिने डब्यातली चपाती काढून माझ्या हातात ठेवली. लाकूडवाल्याकडून ती फळी तेवढी मी मागून घेतली. ती लालबागला आईच्या पलंगाखाली आहे. पाना माझ्याबरोबर आला.

पाना बसेना, म्हणून शेवटी आज मी इथल्या ट्यूनरना फोन केला. म्हातारे आहेत, दर तीन महिन्यांनी येतात, फार बोलत नाहीत. मी विचारलं, एकाच सुराशी सगळे सूर गोड करून, असा लावून द्याल का? बाकीच्या पट्ट्या बिघडल्या तरी चालतील. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, देईन की, पूर्वी इथे लावतच होते तसा, माझ्या आजोबांना यायचा. उद्या दहाला येतो. फक्त कुठला सूर धरायचा ते काढून ठेवा.

तर आज तेवढंच काम आहे. आणि आज सकाळी त्या महोत्सवाच्या पुस्तिकेचा कच्चा मजकूरही आलाय, माझ्या नावाखाली चार ओळी, त्यात तो तुमच्यावरचा विनोद. मी तो खोडला. त्यांनी लगेच विचारलं, त्या जागी काय घालू? त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. पियानो तसा लावून मला सुचेलच असं मी धरून चाललेली नाही, अण्णा. सुचलं तरी महिनाअखेर दोन आठवड्यांवर आहे, आणि ते वाजवायचं तर महोत्सवाच्या सभागृहातला पियानोही तसाच लावा, असं मला त्यांच्याकडे मागावं लागेल. का, म्हणून ते विचारतील, आणि मग मला तुमच्याबद्दल खरं सांगावं लागेल. ते मी सांगेन. त्याची मला तितकीशी भीती नाही.

सकाळपासून पियानोचं झाकण उघडं आहे. पान्यावरचं कुंकू वाळलंय. पस्तिशी गाठत आलेल्या बाईचा सा कुठे असतो, काळी चारच्या किती खाली, तुम्ही एका बोटाने सांगितलं असतं. खालच्या बाई बाहेर गेल्या आहेत, शेजारी कोणी नाही, खिडकी बंद आहे. तोंड उघडायचं, एवढंच. तीनदा श्वास घेतला आणि तिन्ही वेळा आवाज फुटला नाही, म्हणून हा कागद ओढला. पाठवायचा पत्ता नाही हे ठाऊक असून चार पानं लिहिली, पण सा लागलेला नाही.

एक गोष्ट वर खोटी लिहिली आहे. ती मी इतकी वर्षं स्वतःलाच अशी सांगत आले की आज तुम्हाला लिहितानाही तशीच उतरली. त्या दसऱ्याला, तुमचा फोन आला तेव्हा, कॉरिडॉरमध्ये मुलं नव्हती. तास सुरू झाले होते, सगळे आत गेले होते. कोणीच नव्हतं, अण्णा. मी एकटीच उभी होते.